आईचं लायसन बदललं तेव्हा

आईनं आरशात पाहिलं, डावा इंडिकेटर दिला, मान खांद्यावरून पार मागं वळवून कुणी सायकलवाला येत नाही ना याची खात्री केली, आणि गाडी इतकी सुरेख डावीकडं वळवली की मागच्या सीटवर दुभाषी म्हणून बसलेली मी टाळ्याच वाजवणार होते. मग लक्षात आलं की डावीकडं रस्ताच नाही.

म्हणजे रस्त्याचं तोंड होतं. दोन गाड्या मावतील एवढं डांबर, त्यापुढं गुडघाभर गवत, आणि गवताच्या पलीकडं तारेचं कुंपण. परीक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी गवतात नाक खुपसून थांबली. हिरोसे-सान त्यांचं नाव. पन्नाशीचे, पांढरे हातमोजे घातलेले, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी मांडीवरच्या कागदावर रेघ ओढली आणि मला सांगितलं की आईंना म्हणावं, इथून सरळ जायचं होतं.

"आई, सरळ होतं ग."

"ठाऊक आहे की मला," आई म्हणाली. ती स्टीअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघत होती. परक्या बाईचे हात चुकून आपल्या मांडीवर येऊन पडावेत तशी. "मागच्या वेळीपण ठाऊक होतं."

आई दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा त्याच जागी.

ही माझ्या चौदाव्या वर्षाची गोष्ट. आम्ही दोघी मिरजेच्या. बाबा मी बालवाडीत असतानाच गेले, आणि आईनं नर्सिंगच्या ड्यूट्या करत मला वाढवलं. जपानात म्हातारी माणसं उदंड आणि त्यांना उठवून बसवणारे हात कमी, म्हणून आईला इकडं पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात, वृद्धांच्या केंद्रात काम मिळालं. सकाळी व्हॅन घेऊन घरोघर जायचं, आजी-आजोबांना गोळा करायचं, दिवसभर त्यांचं सगळं करायचं आणि संध्याकाळी ज्याचं त्याला घरी पोचवायचं. पहिलं वर्ष भारतातून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर निभावलं. पुढं मात्र आपलं लायसन दाखवून, परीक्षा देऊन जपानी लायसन घ्यावं लागतं. केंद्राच्या बाईंनी कमरेत वाकून वाकून सांगितलं होतं की मार्चपर्यंत ते झालं तर करार पुढं चालू, नाहीतर त्यांचा नाइलाज आहे. करार नाही म्हणजे व्हिसा नाही आणि व्हिसा नाही म्हणजे मिरज.

मिरजेशी माझं काही वाकडं नाही. पण मी तेव्हा नुकतीच कुणीतरी झाले होते. आल्या आल्या अर्धं वर्ष मी वर्गात मुकी बसले होते. मुलं माझ्याशी हातवारे करून बोलायची, जणू मी बहिरीपण आहे. मग एक दिवस रिलेच्या सरावात कुणीतरी बॅटन पाडलं आणि माझ्या तोंडून जपानीत अशी काही सणसणीत शिवी गेली की सगळं मैदान थांबलं आणि मग हसत सुटलं. त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. शेवटचा टप्पा मी धावायची. दुकानात, बँकेत, दवाखान्यात आईच्या पुढं उभी राहून मी बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा मला मी आवडत होते, आणि हे सगळं आईच्या एका लायसनवर अडलं होतं.

आणि आईला गाडी येत नव्हती असं थोडंच आहे? दवाखान्याची ओम्नी घेऊन लक्ष्मी मार्केटातून, एकीकडं रिक्षा, एकीकडं वरात, मधे रवंथ करत बसलेली गाय, यातून आरशाला खरचटूही न देता बाहेर पडणारी बाई ती. पण इथं तुम्हाला गाडी चालवता येते का हे बघत नाहीत. तुम्ही काळजी घेताना दिसता का हे बघतात. बसण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची, वाकून चाकांखाली बघायचं, प्रत्येक वळणाआधी मान फिरवायची, आणि ती फिरवलेली त्यांना दिसली पाहिजे. आम्ही घरी सराव करायचो. आई पिठाची परात स्टीअरिंगसारखी धरून खुर्चीत बसायची, मी शेजारी हिरोसे-सान होऊन तोंड पाडून बसायची. मान वळवून वळवून आईला रोज बाम लावायला लागायचा. पण ती तयार झाली होती. म्हणून तर मला कळेना की डावीकडं काय आहे.

परीक्षेचं मैदान समुद्राच्या बाजूला, शहराच्या कडेला होतं. ते एक खोटं गाव आहे. सिग्नल आहेत, चौक आहेत, चढ आहे, झेब्राचे पट्टे आहेत. फक्त माणसं नाहीत, घरं नाहीत, दुकानं नाहीत. कुणी नसतानाही सिग्नल हिरव्याचा लाल होतो आणि लालचा हिरवा. एका ठिकाणी रुळांचे दोन तुकडे पुरलेले आहेत. तिथं गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि आगगाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. ते रूळ दोन्हीकडं गवतात संपतात. तरी ऐकायचं. ऐकलं नाही तर नापास. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार हसू आलं होतं, आईलाही. दुसऱ्या वेळी काच खाली करून आई ऐकत बसली ती हिरोसे-सान खाकरेपर्यंत. मी विचारलं, काय ऐकत होतीस एवढं, तर म्हणाली काही नाही, कुणीतरी अंगण झाडत होतं.

त्या दिवशी बसस्टॉपवर मी तिला बरंच छेडलं. ती चिडली नाही, आणि आई छेडल्यावर चिडली नाही की मला काळजी वाटते. हात आपोआप वळले, एवढंच ती म्हणत राहिली. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर वळतात तसे. मिरजेत ड्यूटी संपवून यायची, डोळे मिटत असायचे, पण गाडी बरोबर बोळात शिरायची, अगदी तसं.

मग घरातही काहीबाही व्हायला लागलं. एका दुपारी मी शाळेतून आले तर सुट्टीवर असलेली आई खिडकीशी उभी. बाहेर ऊन होतं, लख्ख, थंडीतलं. ती म्हणाली, वाळत घातलेले मुळे अजून बाहेरच टांगलेत, आत घ्यायला पाहिजेत, आज कडाका पडेल. मी विचारलं, कुठले मुळे? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत एक तुळस आणि माझे धावायचे बूट. आईनं माझ्याकडं पाहिलं, बाल्कनीकडं पाहिलं, आणि कपाळ चोळत चहा टाकायला गेली. चहा तिनं तीन कप केला. वर मलाच विचारलं की तिसरा कोण पिणार होतं.

आणखी एकदा भांडी घासता घासता ती काहीतरी पुटपुटली. जपानीच होतं, पण मला कळलं नाही. मला! मी तो शब्द तसाच धरून शाळेत नेला. आमचे इतिहासाचे सर खूश झाले. म्हणाले, हा इथल्या खेड्यातला जुना शब्द, सुनेला लाडानं हाक मारायचा. त्यांची आजी वापरायची, आता कुणाच्या तोंडी नाही, तू कुठं ऐकलास? मी सांगितलं, आईकडून. त्यांना वाटलं केंद्रातली म्हातारी माणसं शिकवत असतील. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

परीक्षेच्या तिसऱ्या खेपेला मी ठरवलं की ती जागा पायी बघायची. दुपारच्या सुट्टीत परीक्षा देणाऱ्यांना मैदानावर चालत फिरू देतात, रस्ता पाठ व्हावा म्हणून. आधीच्या दोन्ही वेळा आई एकटी फिरून आली होती आणि मी आत बाकावर बसून पोळीचा रोल हाणत होते. या वेळी तिच्याबरोबर गेले. वारा पडला होता. खोट्या गावात आम्हा दोघींच्या पावलांचाच काय तो आवाज. आई नियमानं डावीकडून चालत होती, वळणावर मान फिरवत होती, आणि मी तिच्या मागं बडबड करत होते.

त्या तोंडाशी आलो तर तिथं एक म्हातारी गवत उपटत होती. डोक्याला पांढरा रुमाल, निळा एप्रन, पाठ कमरेतून मोडलेली, इथल्या खेड्यातल्या आजींची असते तशी. मला अजिबात भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगते. भर दुपार होती आणि ती अगदी साधी दिसत होती. तिनं मान वर करून आईला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. ती काहीतरी म्हणाली, थंडी, जेवलीस का, असं काहीसं. आईनंही वाकून काहीतरी उत्तर दिलं. मग आई मला म्हणाली की या आजी भेटतात मला दर वेळी, माळीकाम करत असतील इथं, बोलायला फार गोड आहेत.

निघताना आई पुन्हा वाकली आणि म्हणाली, "इत्ते किमास."

"इत्ते राश्शाई," म्हातारी म्हणाली, आणि हात हलवत राहिली.

मी दहा पावलं दम धरला आणि मग खो खो हसले. आईला म्हटलं की असं परक्या माणसाला म्हणत नाहीत. हे फक्त आपल्या घरातून बाहेर पडताना, घरातल्या माणसाला म्हणायचं असतं. मी घरी परत येणार आहे, असा त्याचा अर्थ. आणि ती जे म्हणाली ते घरात राहणारं माणूस म्हणतं: जाऊन ये.

आई थांबली. केंद्रातल्या म्हाताऱ्या रोज सकाळी व्हॅनमध्ये चढताना दाराकडं बघून हेच म्हणायच्या. त्यावरून तिनं ते उचललं होतं. तिच्या हिशेबानं ते आपलं 'येतो' होतं. आमच्या मिरजेकडं बायकासुद्धा 'मी येतो'च म्हणतात, पुण्याची आत्या त्यावरून आम्हाला हसते, पण ते असो.

"येतो म्हणजे काय, कुणालापण म्हणतोच की आपण," आई म्हणाली. "भाजीवालीला म्हणतो, डॉक्टरला म्हणतो. मग निघताना म्हणायचं काय? जातो? तसलं तोंडातनं निघतं होय?"

ते तर खरंच होतं. आपल्यात 'जातो' म्हणून कोण निघतं! मी हसत हसत मागं वळून पाहिलं. म्हातारी नव्हती. कुंपणापर्यंत सपाट सगळं, लपायला झाड नाही की खोली नाही. आणि गवत होतं तेवढंच होतं. एक काडी उपटलेली नव्हती.

मी आईला काही बोलले नाही. परीक्षा तासाभरावर होती.

रुळांपाशी आईनं काच खाली केली आणि या वेळी मीही कान दिला. कुणीतरी झाडत होतं. लांब दांड्याच्या खराट्यानं, सावकाश, मातीचं अंगण. मग काच वर झाली. पुढचा सिग्नल, पुढचा चौक, आणि मी मागून आईच्या कानाशी पुटपुटायला लागले, सरळ, सरळ, सरळ. हिरोसे-सानांनी मला गप्प बसायला सांगितलं. आईनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, मान वळवली. हे सगळं बिनचूक. गाडी गवतात.

हिरोसे-सानांनी कागदावर रेघ ओढली. मग समोरच्या गवताकडंच बघत म्हणाले, "तिथं आता घर नाही, असं आईंना सांगा."

घराबद्दल आम्ही त्यांच्याशी चकार शब्द बोललो नव्हतो.

मी विचारलं, कुणाचं घर. त्यांनी हातमोज्याचं बटण काढलं, लावलं. सरकारनं जागा घ्यायच्या आधी इथं थोडी घरं होती, म्हणाले. बाकीची उठली, एक हललं नाही. सून शहरात कामाला गेली होती, ती यायची आहे असं तिथली म्हातारी सांगायची; घर हललं तर तिला सापडणार कसं? उद्या पाऊस आहे म्हणावं अशा आवाजात ते हे बोलले. पुढं त्या म्हातारीचं काय झालं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उतरताना मात्र त्यांनी आईला नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग हातातला लसूण खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे तिनं मला घरातली धरलंय."

"तू तीनदा सांगितलंस तिला. येतो, येतो, येतो."

"आणि तीनदा मागं गेलो."

मार्चआधी एकच तारीख मिळाली. ती चुकली असती तर बॅगाच भरायच्या होत्या. मी म्हटलं, एवढं काय घाबरायचं, मी आहे ना. शब्दानं झालंय ते शब्दानं सुटेल. मैत्रिणीच्या घरी जेवून निघताना म्हणतात तो पाहुण्यांचा शब्द मला येत होता, ओजामा शिमाश्ता, तुम्हाला त्रास दिला. तो एकदा म्हटला की आई पाहुणी झाली, आणि पाहुणीनं परत आलंच पाहिजे असं काही नसतं. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या रात्री छान झोपले. आई दोन दिवस भाजी चिरता चिरता तो शब्द घोकत होती.

शेवटच्या तारखेला ऊन असं होतं की खोट्या गावाचे पांढरे पट्टे डोळ्यांत घुसत होते. म्हातारी गवताच्या कडेला उभीच होती, आज वाकलेली नव्हती, वाट बघत होती. आई पुढं झाली, दोन्ही हात पोटाशी धरून वाकली आणि शाळेतल्या मुलीसारखं स्पष्ट म्हणाली, "ओजामा शिमाश्ता."

म्हातारी हसली. घरातल्या पोरीनं काहीतरी वेडगळ बोलावं आणि सासूनं कौतुकानं हसावं तसं. स्वतःच्या घरात कसला त्रास ग, अशा अर्थाचं काही म्हणाली, आणि तिनं आईच्या बाहीवरची न दिसणारी धूळ झटकली. मग आईचं मनगट धरलं. मी शाळेत नेलेला तो शब्द, सुनेचा, तिनं तेव्हा उच्चारला.

आईचे डोळे गवतावर लागले होते. गवतावर नव्हे, त्याच्या थोडं वर, जिथं उंबरा असायला हवा तिथं. मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. उजवा पाय तिनं बुटातून काढला होता. इथं घरात शिरताना काढतात तसा.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला आणि दोघींपैकी एकीनंही तिकडं लक्ष दिलं नाही.

काय करावं याचा मी विचार केला असं मला म्हणता येणार नाही. शेवटच्या टप्प्याला बॅटन हातात आलं की विचार करत नाहीत. मी त्या दोघींच्या मधे शिरले आणि जपानीत, वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले की हिला कामाला जायचंय. सात-आठ म्हातारी माणसं हिची वाट बघत आपापल्या दारात बसतात. हिला सोडा. मी येते.

म्हातारीनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. केसांपासून बुटांपर्यंत, सावकाश. आपल्याकडं मुलगी बघायला आलेल्या बायका बघतात ना, तसंच; हाडपेर, रंग, चाल. मला वय विचारलं. मी सांगितलं, चौदा. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे गाडी शिकायला अजून चार वर्षं."

मग वाट बघत उभी राहिली. काय हवंय ते मला कळलं. मी वाकले.

"इत्ते किमास," मी म्हणाले.

"इत्ते राश्शाई," ती म्हणाली, आणि आईचं मनगट सोडलं.

आईनं बुटात पाय सरकवला. इथं काय उभी राहिलीयस, भोंगा झाला की ग, म्हणत माझ्यापुढं झपाझप चालायला लागली. आपण पाहुण्यांचा शब्द म्हटला, त्या आजी हसल्या, झालं, असं तिला वाटत होतं. निदान मला तसं दिसलं.

त्या दिवशी रुळांवर नुसता वारा होता. त्या चौकातून आई नाकासमोर सरळ गेली. हिरोसे-सानांनी कागदावर रेघ ओढली नाही. गाडी जागेवर लावून झाल्यावर ते म्हणाले, "पास." मग आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि उतरले.

लायसन हातात आल्यावर आई काउंटरपाशीच रडली. फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेत, म्हणून परत येताना पूर्ण बसभर हसली. करार वाढला, व्हिसा वाढला. व्हॅनमधल्या आजींनी तिला लोकरीचा स्टीअरिंगचा झगा विणून दिला, तो अजून आहे. मी धावत राहिले, आता हायस्कूलचं शेवटचं वर्ष आहे आणि जिल्ह्यात माझं नाव विचारा कुणालाही.

फक्त एक झालं. त्या दिवसापासून घरातून निघताना माझ्या तोंडून 'येतो' निघत नाही. जपानीतलाही नाही, मराठीतलाही नाही. जीभ टाळ्याला चिकटते. मग मी 'चल', 'बाय', 'उशीर झाला' असलं काहीतरी टाकून जिना उतरते. आई चिडायची. शिंगं फुटली पोरीला, न सांगता जाते, म्हणायची. मी सांगितलं नाही की तो शब्द माझ्याकडं एकच होता आणि तो मी देऊन बसलेय.

पुढच्या महिन्यात मला अठरा पूर्ण होतील. वर्गातली निम्मी मुलं गाडी शिकायला लागलीत. शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत, पण शेवटची लेखी परीक्षा सगळ्यांना त्याच खोट्या गावाशेजारच्या परीक्षा-केंद्रात जाऊन द्यावी लागते. म्हणून मी म्हणत होते की मला गाडी शिकायचीच नाही, मला पाय आहेत. वर्षभर तसंच म्हणत राहिले असते. पण मागच्या आठवड्यात आई उशिरा घरी आली. बूट काढले तर तळव्यांना गवत. सकाळी व्हॅन घेऊन निघाली ती त्या मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली होती. मागं आजी-आजोबा गपगार बसलेले, एकानंही विचारलं नाही की इकडं कशाला आणलंस. कुठं वळलो कळलंच नाही, आई म्हणाली, आणि झोपेपर्यंत ती मान चोळत राहिली.

आज सकाळी मी नाव घालायला निघाले. आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत दारात आली. गाडी शिकायचं कसं काय ठरवलंस, हे तिनं काल विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. मी बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"आई, तूच म्हण ना," मी म्हटलं. "'ये' म्हण."

"आधी तू सांगायचं असतं. मग मी म्हणायचं."

"आज तू आधी म्हण."

आईनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती, साबणाचा वास येत होता. तिनं ते सोडलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की त्या दुपारी गवताच्या कडेला तिनं सगळं ऐकलं होतं. माझा प्रत्येक शब्द. आणि चार वर्षं ती ते मनात धरून व्हॅन चालवत होती.

"ये," आई म्हणाली. "ती म्हातारी किती का गोड बोलेना, बूट काढू नकोस. इकडं ये."